केप टाउनची चव: आधी कुंपण बघा, मग द्राक्षमळे

केप टाउनला गेलात तर आमच्यासारखं पहिल्याच दिवशी कॉन्स्टॅन्शियाच्या द्राक्षमळ्यात जाऊ नका. जरूर जा, पण कर्स्टनबॉश उद्यानातलं जुनं कुंपण आधी बघून, शेवटच्या दिवशी जा. आम्ही नेमकं उलटं केलं. सहा दिवसांनी विमानतळाकडे निघालो तेव्हा मनात एकच होतं, की पहिला दिवस पुन्हा करता यायला हवा होता. पुढे जाणाऱ्यांना तरी क्रम नीट लागावा, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, नवरा आणि माझी एकाहत्तर वर्षांची आई. आई मूळची रत्नागिरी जिल्ह्यातल्या, जगबुडी नदीकाठच्या खेडची. तिच्या लहानपणी शेजारच्या मोहल्ल्यात बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी ‘केपला’ असायचं. ती म्हणते, केप म्हणजे काय हे कळायच्या आधी केपहून सुट्टीवर आलेला माणूस कसा दिसतो हे आम्हाला ठाऊक होतं. तिला तो ‘केप’ एकदा बघायचा होता. मला वेगळं कुतूहल होतं. इंग्रज आपल्याकडे आले, राज्य केलं आणि गेले. केपला आलेले युरोपीय तिथेच राहिले. जमीन घेतली, शेती केली, पिढ्या वाढवल्या. असा समाज काय खातो, काय पितो, आणि ते मुळात कोणाचं असतं, हे मला ताटात बघायचं होतं.

आम्ही मार्चमध्ये गेलो. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. ऊन सुखाचं असतं आणि द्राक्षांची तोडणी चालू असते किंवा नुकती संपलेली असते. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, जून ते ऑगस्ट, तेव्हा डोंगर दिवसेंदिवस ढगात असतो.

तर पहिला दिवस कॉन्स्टॅन्शिया. शहरापासून अर्ध्या तासावर, टेबल माउंटनच्या मागच्या उतारावर. ग्रोट कॉन्स्टॅन्शिया हा मळा १६८५ मध्ये केपच्या डच वसाहतीच्या प्रमुखाला, पुढे गव्हर्नर झालेल्या सिमॉन व्हान डर स्टेलला, मिळाला. पांढऱ्याशुभ्र भिंती, घराच्या कपाळावर वळणदार नक्षीचा त्रिकोण, दारात ओकची झाडं. मस्कॅट जातीच्या द्राक्षांची गोड वाइन इथली. १७७८ मध्ये क्लूटे घराण्यानं मळा घेतला आणि त्यांच्या काळात या वाइनचं नाव युरोपच्या राजवाड्यांत गेलं. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियनही हीच पीत असे. १८८५ मध्ये हा मळा सरकारकडे गेला, आणि त्याच सुमाराला वेलींच्या मुळांना लागणाऱ्या किडीनं केपचे मळे झोपवले. शेजारच्या क्लाइन कॉन्स्टॅन्शियानं जुन्या पद्धतीची गोड वाइन १९८६ च्या द्राक्षांपासून पुन्हा करायला घेतली. ती चाखली. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, आणि शेवटी जिभेवर हलकासा आंबटपणा. फार सुरेख आहे, यात शंका नाही.

व्हान डर स्टेलबद्दल एक गोष्ट मात्र तिथे उभं असताना माहीत असलेली बरी. स्टेलनबॉश हे गाव याच्या नावाचं, सायमन्स टाउनही याच्याच नावाचं, केपच्या वाइनचा आद्यपुरुष म्हणूनही हाच. त्याचा जन्म मॉरिशसचा, किंवा तिकडे जाणाऱ्या जहाजावरचा. त्याच्या आईची आई गुलामगिरीतून सुटलेली हिंदी बाई होती आणि कागदोपत्री तिचं नाव ‘गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका’ असं येतं. वर्णभेदाच्या काळातले कायदे लावले असते तर या गव्हर्नरला स्वतःच्या मळ्यात राहता आलं नसतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ त्या घराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे गोव्याच्या बाईच्या नातवाचा मळा हा.” आणि तो मळा कसला कोणी? गुलामांनी. ते मात्र आम्हाला त्या दिवशी फक्त संग्रहालयातल्या दोन-तीन फलकांवर भेटलं. वाचलं, हळहळलो आणि पुढच्या पेल्याकडे वळलो. म्हणूनच म्हणते, क्रम चुकला.

क्लाइन कॉन्स्टॅन्शियाच्या फाटकाशी एक छोटी दर्गा आहे, तिथे ‘क्रमात’ म्हणतात. डचांनी १६६७-६८ च्या सुमारास पूर्वेकडून हद्दपार करून आणलेल्या शेख अब्दुरहमान मतेबे शहांची ती कबर. केपमध्ये इस्लाम ज्यांच्या हातून रुजला असं तिथले लोक मानतात, त्यांतले हे पहिले. आजूबाजूला वेली आणि मध्ये ही हिरवी सावली. बहुतेक गाड्या न थांबता आत जातात. तुम्ही थांबा. चपला काढून, डोकं झाकून आत जाता येतं.

जायचं कसं? स्वतः गाडी चालवून वाइन चाखायला जाऊ नका, तिथले पोलिस तपासणी करतात आणि ते योग्यच आहे. पर्यटकांची लाल दुमजली बस कॉन्स्टॅन्शिया नेकपर्यंत जाते, तिथून मळ्यांची वेगळी बस मिळते. तिघं असाल तर ॲपवरची टॅक्सी फार महाग पडत नाही. मळ्यावर पाच लहान पेल्यांचा संच मिळतो आणि तो दोघांत वाटून घेतलेला चालतो. पिऊन टाकायला हवं असं नाही, ओतायला भांडं ठेवलेलं असतं. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षांचा रस मागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या मध्यावर कंपनीच्या बागेत गेलो. खरं तर प्रवासाची सुरुवात इथून व्हायला हवी. डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान व्हान रीबेक ६ एप्रिल १६५२ रोजी या उपसागरात उतरला तो राज्य स्थापायला नव्हे, भाजीपाला लावायला. हॉलंडहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जाणाऱ्या कंपनीच्या जहाजांवर महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खाऊन खलाशी स्कर्व्हीनं मरत. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. वाटेत ताजी भाजी, मटण आणि गोडं पाणी मिळावं, एवढ्यासाठी हा मुक्काम. पाणी टेबल माउंटनचं, भाजी या बागेतली. आणि मांस? ते इथल्या मूळच्या, गुरं पाळणाऱ्या खोईखोई लोकांच्या गाईगुरांचं, तांबं, तंबाखू आणि दारू देऊन घेतलेलं.

आज ही बाग म्हणजे शहरातलं उद्यान आहे, प्रवेश फुकट. एका कोपऱ्यात जुन्या धर्तीवर भाजीचे वाफे पुन्हा केले आहेत, मधून पाण्याचे पाट फिरवले आहेत. कोबी, बीट, गाजर, औषधी झाडं. कोकणातल्या परसात हिंडल्यासारखी आई त्यात रमली. जवळच एक नासपतीचं झाड आहे, पहिल्या वसाहतकारांच्या काळातलं मानतात. खोड फुटून वाकलंय, लोखंडी टेकू देऊन उभं केलंय, तरी पानं हिरवीगार. लोक त्याच्याशी फोटो काढतात आणि माळी त्यांना ओरडत नाही, एवढंच म्हणतो की टेकूला धरू नका.

बागेच्या टोकाला, रस्ता ओलांडला की स्लेव्ह लॉज. १६७९ मध्ये कंपनीनं आपल्या मालकीच्या गुलामांना ठेवायला ही इमारत बांधली. पुढे तिथे सरकारी कचेऱ्या आल्या, मग न्यायालय, आता संग्रहालय आहे. १८०८ पर्यंत साधारण ६३ हजार माणसं गुलाम करून केपला आणली गेली. मोझांबिक आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मादागास्करमधून, इंडोनेशियाच्या बेटांवरून, आणि जवळजवळ एक चतुर्थांश आपल्या बाजूनं: बंगाल, मलबार, कोरोमंडल. आत एका खोलीत उजेडाचा उंच खांब आहे आणि त्याभोवतीच्या कड्यांवर नावं कोरली आहेत. अमुक व्हान बेंगालेन, तमुक व्हान मलबार. आडनाव म्हणजे कुठून विकत आणलं तो किनारा. काहींची नावं नुसती महिन्यांची आहेत, जानेवारी, एप्रिल, सप्टेंबर. ही आडनावं केप टाउनमध्ये आजही आहेत. आम्हाला विमानतळावरून आणणाऱ्या चालकाचं आडनाव असंच एका महिन्याचं होतं. तेव्हा मला ते गमतीदार वाटलं होतं. लॉजमधून बाहेर आल्यावर त्या वाटण्याची लाज वाटली.

बंगालहून आणलेल्या एका बाईचं नाव इथे ठळक येतं, आंजेला. ती व्हान रीबेकच्या घरी राबत होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, तिला शहरात जमिनीचा तुकडा मिळाला, एका वसाहतकाराशी तिचं लग्न झालं. आज स्वतःला आफ्रिकानेर म्हणवणाऱ्या कितीतरी गोऱ्या घराण्यांच्या वंशावळीत ती निघते. मी तिच्या हाताखालच्या चुलीचा विचार करत होते. व्हान रीबेकच्या घरी पहिली हळद कोणी घातली असेल? कागद याबद्दल काही बोलत नाहीत. पण त्या घरातलं जेवण मालकिणीच्या एकटीच्या हातचं नव्हतं, एवढं नक्की.

लॉजला तास-दीड तास ठेवा. मागेच चर्च स्क्वेअरमध्ये ग्रॅनाइटचे काळे ठोकळे बसवलेत, तेही गुलामांचं स्मारकच आहे. लोक त्यावर बसून डबा खातात, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. बोकाप या जवळच्या वस्तीतलं संग्रहालय आणि लॉज दोन्ही रविवारी बंद सापडू शकतात, निघण्याआधी बघून घ्या.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बोकाप. गुलाबी, पोपटी, केशरी घरांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. त्या फोटोंसाठी लोक रहिवाशांच्या पायऱ्यांवर बसतात, खिडकीत डोकावतात. कृपा करून असं करू नका, ही नांदती वस्ती आहे. डॉर्प स्ट्रीटवरची औवल मशीद १७९४ ची, देशातली पहिली. इथल्या मदरशांत आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली जायची, आणि तीही रोमन लिपीतली पुस्तकं यायच्या आधीपासून. ज्या भाषेला पुढे गोऱ्यांची भाषा ठरवलं गेलं, ती घडली ती गुलामांच्या आणि खोईखोईंच्या तोंडात, स्वयंपाकघरांत. इथल्या लोकांना ‘केप मले’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांचे पूर्वज जावा-सुलावेसीचे जितके, तितकेच बंगाल-मलबारचे आणि मादागास्करचेही.

इथे एका घरी स्वयंपाक शिकायला आधी सांगून ठेवलं होतं. असे वर्ग बऱ्याच बायका घरी घेतात. सकाळी दहा ते दुपारी दोन, शेवटी आपणच केलेलं जेवण. माझ्या मते केप टाउनमध्ये पैसे खर्च करायची सगळ्यांत चांगली जागा ही. आमच्या यजमानीण साठीच्या होत्या, सगळे त्यांना आंटी म्हणत होते, आम्हीही म्हटलं. आईशी त्यांचं पाच मिनिटांत जमलं. दोघींची इंग्रजी सारखीच मोजकी, पण हात एकच भाषा बोलत होते.

आधी डाल्चीस केली. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, चिरलेला पालक, कोथिंबीर, कांदा, अख्खे धणे, तेलात सोडायचं. आई म्हणाली, “अगं, भजीच की.” मग रोटी. लोणी लावून गुंडाळी करायची, पुन्हा लाटायची, तव्यावरून काढल्याबरोबर दोन्ही हातांत धरून टाळी वाजवल्यासारखी चुरगळायची म्हणजे पापुद्रे सुटतात. समोशाच्या पट्टीला त्या ‘पुर’ म्हणतात. लोणच्याला ‘आत्यार’. मसाल्याला मसालाच. हळदीला ‘बोरी’. आणि मग त्यांनी डब्यातून चिमूटभर काढून आईच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, “बारिशाप.”

आईनं वास घेतला. “बडीशेप!” दोघी एकमेकींकडे बघून एवढ्या हसल्या की शेगडीवरचा कांदा करपायला आला. नंतर वेल स्ट्रीटवरच्या मसाल्याच्या जुन्या दुकानात पुड्यावर हाच शब्द रोमन अक्षरांत छापलेला पाहिला. हिंदीत सौंफ, गुजरातीत वरियाळी. ‘बडीशेप’ हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा शब्द. तो तिथे कोकणातून गेलेल्या माणसांच्या गाठोड्यातून गेला असावा, असं मला वाटतं, आणि त्याबद्दल पुढे लिहितेच.

मुख्य पदार्थ बोबोटी. खिमा कांदा-हळद-जिरं-धण्यात परतायचा, दुधात भिजवलेला पाव कुस्करून घालायचा, मनुका, जर्दाळूचा जॅम, थोडा आंबटपणा. भांड्यात थापून वरून अंडं आणि दूध ओतायचं, लिंबाची पानं किंवा तमालपत्र खोचायचं आणि भट्टीत ठेवायचं. बरोबर मनुका घातलेला पिवळा भात. पहिल्या घासाला मी बावरले, कारण खिम्यात एवढं गोड आपल्याला सवयीचं नाही. तिसऱ्या घासाला कळलं, ते गोड फळांचं आहे आणि हळद त्याला जमिनीवर धरून ठेवते आहे. या एका ताटात सगळा इतिहास आहे. मसाला आणि हात पूर्वेकडून आणलेल्या गुलामांचे, अंड्या-दुधाचं आवरण आणि भट्टी युरोपची, जर्दाळू वसाहतकारांच्या बागेतला, जनावर खोईखोईंच्या कुरणावरचं. एकोणिसाव्या शतकात पाककृतींची पुस्तकं छापली जाऊ लागली तेव्हा त्यांवर नावं मालकिणींची आली. आंटींच्या घरी मात्र पुस्तक नाही. त्यांना त्यांच्या आजीनं शिकवलं, आजीला तिच्या आईनं.

शाकाहारी असाल तर बोबोटी मसुरीचीही करतात, वर्गाला नाव देतानाच सांगा. बीफ खात नसाल तर तेही आधी सांगा, कारण खिमा म्हटलं की तो बहुधा बीफचाच असतो. आमच्यासाठी आंटींनी मटण आणून ठेवलं होतं. शहरातल्या हॉटेलांत नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, मासे आणि कोंबडी बरेचजण मांसात धरत नाहीत. बोकापमधली खाणावळ हलाल असते, तिथे दारू मिळत नाही आणि बाहेरून आणूही नये.

आणखी दोन पदार्थ शोधून खा. एक, लोणच्यातला मासा: तळलेले तुकडे, व्हिनेगर, हळद आणि अर्धवट कच्च्या कांद्यात दोन-तीन दिवस मुरवलेले. गुड फ्रायडेला तो ख्रिस्ती घरांत होतो आणि मुसलमान घरांतही. दुसरा, रविवारी सकाळचा कूसिस्टर: बडीशेप, वेलची आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेला मऊ तळलेला गोळा, पाकातून काढून खोबऱ्यात घोळवलेला. याच्याशी जुळणाऱ्या नावाचा कूक्सिस्टर गोऱ्या आफ्रिकानेर घरांतला, वेणीसारखा विणलेला, कुरकुरीत, थंड पाकातला. दोन्ही चाखले. आईनं आणि मी, दोघींनी पहिल्याला मत दिलं.

आता कुंपण. तिसऱ्या दिवशी कर्स्टनबॉशला गेलो, जगातल्या फार देखण्या वनस्पती उद्यानांपैकी हे एक, १९१३ मध्ये सुरू झालेलं. लोक प्रोटियाची फुलं बघायला, झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या पुलावर चालायला येतात. तेही करा. पण नकाशावर ‘व्हान रीबेकची हेज’ शोधा आणि आधी तिथे जा. दाट, आडव्या फांद्यांची, एकमेकांत गुंतलेली काळपट हिरवी झाडं. १६६० मध्ये लावलेल्या कुंपणाचा हा उरलेला तुकडा. झाड तिथलंच, जंगली बदाम म्हणतात. आपल्या बदामाशी नातं नाही, प्रोटियाच्या कुळातलं आहे. बी विषारी असतं. खोईखोई लोक ते पाण्यात मुरवून, भाजून विष काढून खात.

गोष्ट अशी. १६५७ मध्ये कंपनीनं आपल्या काही नोकरांना मोकळं करून लीसबेक नदीकाठी शेतजमिनी दिल्या. ते पहिले वसाहतकार. ती जमीन म्हणजे खोईखोईंची उन्हाळी कुरणं आणि पाणवठे. १६५९ मध्ये लढाई झाली. खोईखोई पावसाच्या दिवशी हल्ले करत, कारण ओल्या हवेत डचांच्या बंदुकांच्या वाती पेटत नसत. वर्षभरानं तहाची बोलणी झाली. व्हान रीबेकनं स्वतःच्या रोजनिशीत खोईखोईंचं म्हणणं लिहून ठेवलं आहे: आम्ही हॉलंडला आलो असतो तर तुम्ही आम्हाला असं वागू दिलं असतं का? आणि जमीन दोघांना पुरत नसेल तर हटायचं कोणी, मूळ मालकानं की बाहेरून आलेल्यानं? त्यांना उत्तर मिळालं की जमीन आता लढाईत जिंकलेली आहे. मग त्यांनी एवढंच मागितलं की निदान कडू बदाम वेचू द्या आणि हिवाळ्यासाठी कंदमुळं खणू द्या. तेही नाकारलं. एक कारण असं दिलं की बदाम आम्हाला स्वतःलाच लागणार आहेत, कुंपण लावायला.

तिथे एक बाक आहे. त्यावर बसून मी हे आईला सांगितलं. ज्यांचं खाणं होतं, त्यांनाच बाहेर ठेवायला त्याचंच कुंपण. आई काही बोलली नाही. खाली पडलेलं एक सुकलेलं फळ तिनं उचललं, मखमली तपकिरी सालीचं, आणि परत होतं तिथेच ठेवलं.

हे कुंपण बघून मग कॉन्स्टॅन्शियाला गेलो असतो तर तो पेला वेगळा लागला असता. कर्स्टनबॉश आणि कॉन्स्टॅन्शिया एकाच डोंगराच्या कुशीत, लाल बसच्या एकाच मार्गावर आहेत. सकाळी कुंपण, दुपारी मळा, असं एका दिवसात आरामात जमतं. कुंपण बागेच्या वरच्या अंगाला आहे, चढ आहे, पण वाट नीट आहे. आईला गुडघ्याचा त्रास असूनही ती थांबत थांबत चढली.

दारूची दुसरी बाजूही इथेच सांगते, कारण मळ्यातल्या फलकांवर ती फार नसते. केपच्या द्राक्षांची पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ रोजी निघाली आणि व्हान रीबेकनं देवाचे आभार मानले, हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच्या आदल्या वर्षीची नोंद कमी वाचली जाते. गुलामांसाठी शाळा काढली होती आणि त्यांनी यावं म्हणून प्रत्येकाला रोज लहान पेला ब्रँडी आणि दोन इंच तंबाखू द्यायचं ठरलं. पुढे द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग स्वस्त वाइनमध्ये द्यायची पद्धत पडली. तिला ‘डॉप’ म्हणतात. सकाळी पेला, दुपारी पेला, संध्याकाळी पेला. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं संपली, त्यानंतर जुन्या मालकाकडेच चार वर्षं राबायची सक्ती १८३८ मध्ये संपली, डॉप संपला नाही. विसाव्या शतकात त्यावर बंदी आली तरी काही मळ्यांवर तो १९९० च्या दशकापर्यंत चालू होता. गरोदरपणी आईच्या पोटात दारू गेल्यानं मुलांना होणारं अपंगत्व या भागात आजही जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. क्रोतोआ ही खोईखोई मुलगी व्हान रीबेकच्या घरात वाढली, दोन्ही बाजूंची दुभाषी झाली. नवरा गेल्यावर ‘दारूबाज’ ठरवून तिला रॉबेन बेटावर पाठवलं आणि १६७४ मध्ये ती वारली. तिच्या लोकांना गुरांच्या बदल्यात दारू देणारेच हा ठपका लिहीत होते. मी वाइन पिऊ नका म्हणत नाही. मळा निवडताना तिथल्या मजुरांची घरं, मुलांची शाळा, मळ्यातला त्यांचा वाटा याबद्दल विचारा. काही मळे आपणहून सांगतात. जे नीट सांगतात त्यांची बाटली घ्या. परतताना भारतात शुल्क न भरता माणशी दोन लिटरच आणता येते.

आता जाण्याआधीच्या गोष्टी. मुंबईहून केप टाउनला थेट विमान आम्हाला मिळालं नाही, आखातातून किंवा पूर्व आफ्रिकेतून बदलून जावं लागतं. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशातल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबणार असाल तर लसीचं प्रमाणपत्र लागतं. ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. व्हिसाला दोन महिने हाताशी ठेवा, पासपोर्टात दोन कोरी पानं हवीत. आमच्या एका अर्जात कागद कमी निघाला आणि धावपळ झाली. बँकेची विवरणं शिक्का मारूनच न्या. मांस, दुधाचे पदार्थ, बिया, मध सामानात नेऊ नका. आपल्याकडचा गीझरचा मोठा तीन-पिनी प्लग तिथे चालतो, वेगळा ॲडाप्टर घ्यायची गरज पडली नाही. नळाचं पाणी पिता येतं. घड्याळ साडेतीन तास मागे. अंधार पडल्यावर शहराच्या मध्यभागात पायी फिरू नका, फोन हातात धरून तर अजिबात नको. दारातून दारापर्यंत टॅक्सी. घाबरून राहायचं कारण नाही, पण हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

शेवटच्या दिवशी आईसाठी रायलँड्सला गेलो. वर्णभेदाच्या काळात हिंदी लोकांसाठी राखून ठेवलेला हा भाग, पर्यटकांच्या यादीत नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतून कोकणी मुसलमान पुरुष केपला गेले, बरेचजण छोटी किराणा दुकानं आणि भाजीची गाडी चालवत. १९०२ आणि १९०६ च्या कायद्यांनी नवीन हिंदी माणसाला येणं अवघड केलं, सुट्टीवर गावी जायलाही परवाना लागू लागला. बायकामुलं वर्षानुवर्षं इकडे, कमावता तिकडे. आईच्या मोहल्ल्यातल्या घरांची हकिगत तीच.

एका किराणा दुकानात ती बडीशेप घ्यायला थांबली. मला मराठीत म्हणाली, “ही बारीक आहे, लखनवीसारखी, ती जाडी बघ.” गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर केली. त्यांनी थेट मराठी नाही, पण आम्हाला समजेल अशा कोकणीत विचारलं, गाव कुठला. आई म्हणाली, खेड. ते गल्ल्यामागून बाहेर आले. त्यांचे आजोबा करजीहून आलेले. स्वतः ते एकदाच, लहानपणी, गावी गेले होते. आईला त्यांनी खुर्ची दिली, पुड्याचे पैसे घेतले नाहीत, आणि बराच वेळ एकेक गोष्ट विचारत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, “जगबुडीला अजून तसाच पूर येतो का?”